राळ आणि मातीचे कण

फार पूर्वी एका खाडीच्या धक्क्यावर होड्या बांधायचा लोखंडी खुंटा होता. त्याचा भाऊ खाऱ्या पाण्याने गंजून मोडला होता, म्हणून याला राळेचा लेप द्यायचं ठरलं. तेव्हा चिकणमातीचे चपटे कण म्हणाले, "राळताई, आम्हालाही पोटात घे. आम्ही पाण्याची वाट अडवू."

"तुमच्याने माझी चकाकी जाईल," राळ कुरकुरली. पण खुंट्याने विनवल्यावर तिने त्यांना घेतलं.

भरतीचं पाणी लेपात शिरलं. "आलं!" खुंटा थरथरला. कण आडवे पडून राहिले. पाणी एकाला वळसा घालून पुढे आलं की दुसरा आडवा येई.

"खुंट्यापर्यंत पोचायला किती उरलंय?" राळेने विचारलं.

"केसभर," शेवटचा कण म्हणाला.

तेवढ्यात ओहोटी लागली आणि पाणी वाटेतच थबकलं.

खुंट्यावर गंजाचा डागही नव्हता. राळेने हळूच विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला लागलं का रे?"