त्याच बाटलीतली लस

“मग राणूला लस टोचून घेऊ का नको, तेवढं सांग ना आय.”

हे मी हिरूआयला विचारत होते. ती आमच्या कातकरवाडीची सुईण. निम्मी वाडी तिच्याच हातावर जन्मलेली. चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत बसली होती.

मीच बोलत राहिले. मागल्या साली टोचल्यावर सुगंधाच्या पोराची मांडी पिकली. तेव्हापासून सिस्टर आली की बायका पोरं घेऊन रानात पळतात. गावाला चांगलं औषध आणि आपल्याला उरलंसुरलं, असं म्हणतात. आणि परवा पलीकडच्या वाडीत डांग्या खोकल्यानं तान्हं गेलं. माझी राणू अडीच महिन्यांची. मी सातवी शिकलेली, लसीचं कार्ड वाचता येतं. पण चांगलं का उरलंसुरलं, हे कार्डावर कुठं लिहिलेलं असतं...

“सिस्टर वाडीत कधी येते?”

“दुपारी. गावाचं उरकल्यावर.”

“पोरांना हातात घेते?”

“आपल्या नाही. ओट्यावर ठेव म्हणते. गावातल्यांना मांडीवर घेते.”

हिरूआयनं हात धुतले.

“चल.”

गावच्या अंगणवाडीत बायका रांगेनं बसलेल्या. सिस्टर म्हणाली, वाडीची पाळी दुपारी. हिरूआयनं ऐकलं न ऐकलंसं केलं. सरपंचांची सून आणि मास्तरांची बायको यांच्या मधे जागा होती. तिथं मला बसवलं आणि आपण दारात टेकली.



सिस्टरनं नवी बाटली काढली. सरपंचांच्या नातीला टोचलं. मग सुई बदलून त्याच बाटलीतलं राणूला. मी डोळ्यांनी पाहिलं. ताप येईल, घाबरू नकोस म्हणाली, आणि तापाचं औषध दिलं. किती थेंब ते दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणूचं अंग तापलं. थेंब पाजले आणि तिला तशीच घेऊन हिरूआयकडे धावले. ताप येतो असं सिस्टर म्हणाली होती, खरं. पण सगळ्यांना येतो, का आम्हालाच?

“बाटली तर तीच होती ना, आय?”

तिनं राणूच्या कपाळाला हात लावला. पोटाला लावला.

“सरपंचाच्या नातीला आला का?”

“मला काय ठाऊक? त्यांच्या दारात आपल्यातलं कोण जातं?”

हिरूआयनं राणूचं दुपटं सारखं केलं.

“मग माझ्या दारात काय उभी राहिलीस? तिथं जा, विचार.”