पुलाची मोकळीक

त्या राज्यात पाणी दर वर्षी येत असे, आणि दर वर्षी ते अचानक आले असे म्हणण्याची रीत होती. राज्य मुंग्यांचे होते. एका ओहोळाच्या सखल काठावर त्यांचे वारूळ होते. समोरचा काठ उंच, आणि तिथे सागाचे एक जुने खोड आडवे पडलेले होते. आतून पोकळ, पण कोरडे ठणठणीत. सगळे राज्य त्यात सुखाने मावले असते. तरीही उन्हाळ्यात तिकडे जाण्याची भाषा कोणी काढत नसे. उन्हाळ्यात पाण्याचे नाव घेणारा मुंगळा घाबरट ठरे, आणि घाबरटाला दरबारात जागा नसे.

मग पाणी आले की पूल करावा लागे. पूल काड्यांचा किंवा पानांचा नसे, मुंग्यांचाच असे. एकीने दुसरीची कंबर जबड्यात धरायची, दुसरीने तिसरीची, अशा ओळींना ओळी जोडत थेट पलीकडच्या काठापर्यंत पोचायचे. बाकीचे राज्य त्यांच्या पाठीवरून जाई. जबड्यात कंबर असल्यामुळे पुलातल्या मुंगीला बोलता येत नसे.

या कामात एकच नियम कडक होता. पूर्वी कधीतरी कोणा एकीने आपल्या मनाने जबडा सोडला होता आणि सगळा पूल वाहून गेला होता. तेव्हापासून असे ठरले, की ज्याने 'धर' म्हटले त्यानेच येऊन कपाळाला मिशी लावायची, तेव्हाच सोडायचे. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून सोडायचे नाही, आणि दमलो म्हणून तर नाहीच नाही. याला मोकळीक म्हणत. मोकळीक मिळाल्यावाचून जबडा उघडणे ही त्या राज्यातली सर्वांत मोठी बेअब्रू होती.

त्या वर्षी पुलाचे काम विसोबाकडे आले.

विसोबा हा राज्यातला सर्वांत शिकलेला मुंगळा. काम कसे योजावे, कसे वाटून द्यावे, कुठे अडेल याचा आधी विचार कसा करावा, हे तो जन्मभर शिकवत आला होता. त्याचे विद्यार्थी आता कोठीवर होते, पहाऱ्यावर होते, एक तर प्रधानच झाला होता. विसोबाने स्वतः मात्र एकही पूल बांधलेला नव्हता. ही गोष्ट त्याला कोणी बोलून दाखवत नसे. तो स्वतःच स्वतःला बोलून दाखवी. वर्गात एखादे वाक्य ठामपणे सांगायचा आणि घरी जाताना त्याच वाक्याला वाटभर शंका काढत राहायचा.

"गुरुजी, आता शिकवलंत ते करून दाखवा," प्रधान म्हणाला. तो हसत होता, म्हणून विसोबाला नाही म्हणता आले नाही.

विसोबाने ओल्या मातीवर पायाने रेघा ओढल्या. पहिली रेघ, काम कशासाठी. राणी, अंडी आणि अळ्या पलीकडे नेण्यासाठी, बाकी कशासाठीही नाही. दुसरी, किती जणी आणि किती वेळ. जबड्याची ताकद एक दिवस टिकते, म्हणून उजाडता धरायचे आणि मावळता सोडायचे. तिसरी, शब्द कोणाचा चालेल. चौथी, काय बिघडू शकेल. पुलाच्या मध्यावर ताण सर्वांत जास्त, तिथे दणकट मुंग्या हव्यात. तरी हिशेब चुकला तर असू दे, म्हणून त्याने वेळेत थोडी सैल जागाही ठेवली होती.

"आणि ही पाचवी," विसोबा म्हणाला, "काम संपलं हे कशावरून ओळखायचं आणि पूल कसा उकलायचा. खरं तर ही आधी ठरवायची असते, पण..."

"गुरुजी, ते मागाहून बघू. सुरुवात तर होऊ दे!" प्रधान म्हणाला आणि काठाकडे बघायला पुढे झाला. पाचवी रेघ त्याच्या पायाखाली पुसली गेली. विसोबा ती पुन्हा ओढणार होता. पण आपण फारच काटेकोरपणा करतो असे सगळे म्हणतात, हे त्याला आठवले आणि त्याने पाय मागे घेतला.

पुलाच्या मध्यावर भिवरीला घेतले. भिवरी विसोबाच्या शेजारच्या बिळातली, खांद्याने रुंद आणि तोंडाने फटकळ.

"काका, जबडा मिटला की मला बोलता यायचं नाही, तेव्हा आत्ताच बोलून घेते," ती म्हणाली. "सोडवायला तुम्हीच येणार ना?"

"मीच. दुसऱ्या कुणाची मिशी चालते का?"

"म्हणूनच विचारते. तुम्हाला कुणीतरी एखादी शंका विचारेल, आणि तुम्ही तिथेच बसाल उत्तर देत. मी इकडे लोंबकळतेय!"

आजूबाजूच्या मुंग्या खिदळल्या. विसोबाही हसला.

"दिवस मावळायच्या आत येतो. शब्द दिला."

"शब्द नको, मिशी आणा," भिवरी म्हणाली आणि तिने पुढच्या मुंगीची कंबर धरली. विसोबाने 'धर' म्हटले. त्यानंतर तिचा आवाज ऐकू आला नाही.

पूल उत्तम झाला. स्वतः विसोबालाच त्यावर विश्वास बसेना. सूर्य डोक्यावर यायच्या आत राणी पलीकडे गेली, अंडी गेली, शेवटची अळीही गेली. रेघेप्रमाणे काम संपले होते. विसोबा मोकळीक द्यायला निघाला, तोच प्रधान आडवा आला.

"गुरुजी, आपली गुरं राहिली, ते माव्याचे किडे."

"ती यादीत नव्हती."

"गुरं नाहीत तर राणीसाहेबांना गोड रस कुठून? एवढंच तर आहे."

गुरे गेली. मग कोठीवाला आला, आणि धान्य गेले. ते जड होते, पुलाला मधोमध झोळ आला. धान्याच्या मागोमाग दरबारातली जुनी आसने आली. त्यानंतर राणीचे लग्नाच्या वेळी झडलेले पंख आले. ते मिरवणुकीने न्यायचे होते, म्हणून मिरवणूक आली. दर वेळी प्रधान म्हणे, "एवढंच तर आहे," आणि खरोखरच दर वेळी तेवढेच असे.

"आता पुरे," विसोबा एकदा म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला होता त्याहून बारीक निघाला. "पुलाला सोसत नाही."

"पुलाची काही तक्रार आली आहे का?"

"त्यांच्या जबड्यात..."

"कुणी काही बोललं का, एवढं सांगा."

"नाही. बोलणार कसं?"

"म्हणजे नाही. मग तुम्ही का घाबरता? इतका छान पूल आजवर झाला नव्हता. चला, पलीकडे तुमचा सत्कार आहे."

सत्कार खोडाच्या तोंडाशी होता. विसोबाला उंच बसवले. भाषणे सुरू झाली. पहिल्याने त्याला राज्याचा आधार म्हटले, दुसऱ्याने आधारस्तंभ. उन्हाची तिरीप खोडावरून सरकत खाली उतरत होती आणि विसोबा तिच्याकडे बघत होता. आता उठावे असे त्याला वाटले. पण सत्कारमूर्तीच भाषणातून उठून गेली तर? बोलणारा थांबेल, राणी बघेल. त्याने मनात हिशेब मांडला. जबडा एक दिवस टिकतो असे आपण धरले, पण वर थोडी सैल जागा ठेवलीच आहे. चूक झाली तर कामी यावी म्हणून ठेवलेली ती जागा त्याने आता स्वतःच्या भित्रेपणासाठी खर्च केली. हे त्याला कळत होते. तिसरा वक्ता उभा राहिला. दिवस मावळला.

भाषणे रात्रभर चालली. उजाडताच तो पुलाशी धावत गेला, तर तिथे पहाऱ्यावर नवा मुंगळा होता.

"गुरुजी, पूल काल माझ्या ताब्यात दिला ना!" तो आदराने म्हणाला. "तुम्ही आता विश्रांती घ्यायची."

"मला फक्त मोकळीक द्यायची आहे."

"पण पूल चालू आहे की."

आणि पूल खरोखरच चालू होता. जे पलीकडे आले होते त्यांच्या काही ना काही वस्तू अलीकडे राहिल्या होत्या. ते परत जात होते आणि आणखी काही घेऊन येत होते. दोन्ही टोकांना पहारे बसले होते, आणि पहारे बसल्यावर पहारेकऱ्यांसाठी रोजचे खाणे पुलावरून जाऊ लागले होते. कुठे एखादी ओळ तुटली तर तिथे नव्या मुंग्या लावत. विसोबाने प्रधानाला विचारले. प्रधानाने दरबारात विषय काढतो म्हटले. दरबाराने विसोबाला खोडात शाळा काढून दिली आणि सांगितले, की असा पूल बांधणारी पोरे तयार करा.

विसोबा शिकवू लागला. रेघा चारच ओढायचा. रोज वर्ग सुटला की तो पुलाच्या टोकाशी येऊन उभा राही. पहारेकरी रोज त्याला नमस्कार करी आणि रोज परत पाठवी. जाताना विसोबा मनाशी म्हणे, की ती दणकट आहे. मग वाटेत त्याच वाक्याला शंका काढी.

शेवटी एका दुपारी त्याने शाळा अर्ध्यावर सोडली. पुलावर जाऊ देत नाहीत, तर खालून जाऊ, असे त्याने ठरवले. बुडून मेलो तर मेलो. आयुष्यात प्रथमच त्याने काय बिघडेल याचा विचार केला नाही. काठावरून तो घसरत खाली आला आणि खाली न बघताच पाण्यात म्हणून पाय टाकला.

पायाला वाळू लागली.

पाणी नव्हते. ओहोळ या काठापासून त्या काठापर्यंत कोरडा पडला होता. वाळू चांगली तापली होती, म्हणजे आटूनही बरेच दिवस झाले असावेत. विसोबा वाळूवरून चालत पुलाच्या मध्याखाली आला. झोळ आल्यामुळे पूल इतका खाली लोंबत होता, की त्याला मान वर करून भिवरीच्या कपाळाला मिशी लावता आली.

"भिवरे, सोड. मी आलोय."

जबडा उघडला नाही. त्याने पुन्हा मिशी लावली, मग दोन्ही मिशा लावल्या. मिशीखाली कपाळ हलके लागले, वाळक्या टरफलासारखे. तिच्या पोटातून पलीकडचा उजेड दिसत होता. तिच्या शेजारणीच्या पोटातूनही दिसत होता, आणि तिच्या पलीकडचीच्याही. कंबरा मात्र एकीनेही सोडल्या नव्हत्या. वरून पावलांचा आवाज अखंड चालू होता, तो तेवढ्यात थांबला.

"गुरुजी! तुम्ही आहात होय खाली?" काठावरून प्रधान वाकून बघत होता. "बरं झालं, भेटलात. एक ओळ तुटलीय आणि नव्या पोरी अडून बसल्यात. म्हणतात, गुरुजी 'धर' म्हणाले तरच धरू. तुमच्यावर भारी विश्वास त्यांचा."

"ओहोळ आटलाय," विसोबा म्हणाला.

"काय?"

"पाणी नाहीये खाली."

"नसेल," प्रधान म्हणाला. "पण पूल किती छान चाललाय! या वर, सगळे खोळंबलेत."

विसोबा वर चढून आला. तुटलेल्या जागेशी एक नवी मुंगी उभी होती. तिने त्याला वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, सोडवायला तुम्हीच याल ना?"

विसोबाने तोंड उघडले. प्रधान बघत होता, पहारेकरी बघत होता, मागे माल घेऊन उभी असलेली रांग बघत होती.

"संध्याकाळी," तो म्हणाला. "धर."

तिने जबडा मिटला. रांग पुन्हा पुढे सरकली. खाली वाळूतून एक शेणकिडा आपली गोळी ढकलत आला, पुलाच्या सावलीत क्षणभर थांबला आणि दमला नसल्यामुळे तसाच पुढे निघून पलीकडच्या काठावर चढला. वर काठावरची रांग वाढत वाढत वारुळाच्या तोंडापर्यंत गेली होती. ऊन फार होते, तरी सगळे शिस्तीने आपापली पाळी येण्याची वाट बघत होते.