असे आढळून आले

“अंगठा का देत नाहीस, माय?”

डॉक्टर उकिडवे तिसऱ्यांदा विचारत होते.

सोमय बेठेकर रानाच्या कडेला उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात कंद खणायची पहार. मेळघाटातल्या त्या कोरकू गावात रानाबाबत तिचा शब्द शेवटचा. तिनं अंगठा दिल्याशिवाय आजची ग्रामसभा ठराव करणार नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

वनस्पतींच्या अभ्यासासाठी तीन वर्षं ते तिच्या मागं मागं फिरले होते. कंद कुठला, कोणत्या महिन्यात, किती खणायचा... तिनं बोट धरून शिकवलं. त्यातून जंगल राखण्याचा हा आराखडा तयार झाला; त्याच्यावरच अंगठा हवा होता. एकशे वीस पानं. शहरात त्यांचा सत्कारही झाला.

“यात सगळं तूच सांगितलेलं आहे,” ते म्हणाले.

“मंग वाच बरं, बेटा.”

त्यांनी ऐटीत वाचलं. “कंद काढल्यावर वेलाकडचा भाग पुन्हा मातीत पुरल्यास वेल टिकून राहतो, असे आढळून आले.”

“कोणाले आढळलं?”

डॉक्टर हसले. “तसं लिहायची पद्धत असते.”

“माझ्या सासूनं मले दाखवलं. तिले तिच्या सासूनं. त्यायचं नाव आहे का कुठं?”

“नाही...”

“माझं?”

डॉक्टरांनी उगाच चष्मा पुसला.

“पुढं वाच.”

“पुढं नुसते नियम आहेत, माय. ते काही...”

“वाच.”

त्यांनी पानं उलटली.

“या पट्ट्यात कंदमुळे खणण्यास, तसेच स्थानिकांनी प्रवेश करण्यास... मनाई राहील.”

शेवटचे शब्द जेमतेम ऐकू आले.

ही ओळ त्यांच्याच हातची. शहरातल्या टेबलाशी बसून एका झटक्यात लिहिलेली. स्थानिक म्हणजे सोमय, हे तेव्हा एकदाही मनात आलं नव्हतं.

सोमयनं पहार जमिनीवर ठेवली. रानाच्या वाटेवरून दोन पावलं मागं सरली. आणि हात जोडले.

“साहेब, आत जाऊ का?”

तीन वर्षांत तिनं त्यांना एकदाही साहेब म्हटलं नव्हतं.

“माय, असं नको ना...”

“घरी चूल पेटवायची आहे, साहेब. कंद पाहिजेत. जाऊ का?”

डॉक्टरांची मान वर होईना. हो म्हणायचं, तर हो म्हणणारे ते कोण?

...

त्यांनी ते पान मुठीत धरलं. फाडणार, तोच सोमयनं त्यांचं मनगट धरलं.

“फाडू नका, साहेब. तिकडं सभेले गाव बसलं आहे. मोठ्यानं वाचा.”