यसाबाईची गाडी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, तरी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर चार माणसे येत, काही वाचत, काही विचारत. त्यांतलाच एक विश्राम. तो लहानपणी गुरुजींच्या वर्गात होता आणि पस्तिशी उलटल्यावरही स्वतःला त्यांचा विद्यार्थीच समजत असे.

विश्रामची एक जुनी डिझेलची टमटम होती. डोंगरावर बुरूडकाम करणाऱ्यांची एक वाडी होती, तिथवर एस.टी. जात नसे. वाडीतली माणसे टोपल्या, सुपे, करंड्या घेऊन विश्रामच्या टमटममधून बाजाराला येत. वाडीतल्या यसाबाईचा नवरा हैबती याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्याला सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागे. तोही याच टमटममधून जाई. टमटमचा आवाज असा, की ती निम्म्या डोंगरावर असतानाच वाडीला कळत असे. तो कानी पडला की यसाबाई हैबतीला हाताला धरून उठवी, आणि गाडी वर पोचेपर्यंत दोघे वाडीखालच्या वळणावर येऊन उभे असत.

पुढे राज्य सरकारने विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी सवलत जाहीर केली. विकत घ्या किंवा भाडेकराराने घ्या, किमतीतला काही भाग सरकार सोसणार होते. जुने धूर सोडणारे वाहन भंगारात काढले तर आणखी थोडा. विश्रामने अर्ज केला, टमटम भंगारात दिली आणि सहाजण ऐसपैस बसतील अशी पांढरीशुभ्र गाडी दारात आणून उभी केली.

गावात कापडाचा एक व्यापारी होता. त्याने गाडीला एक फेरी मारली, दार उघडून पाहिले आणि तिथेच बोलणे लावले.

"विश्राम, गाडी महिन्याच्या बोलीवर मला दे. रोज सकाळी तालुक्याच्या दुकानात सोडायचं, संध्याकाळी आणायचं. पण एक सांगून ठेवतो, तुझ्या त्या टोपल्या-बिपल्या आत नकोत. माझे कपडे पांढरे, बांबूच्या कपच्या कुठे कुठे घुसतात."

विश्रामला हा सौदा आवडला. खरे तर त्याला स्वतःलाच धास्ती होती. नव्या सीटवर दुकानातून आलेले प्लॅस्टिक तसेच होते आणि ते वर्षभर तरी काढायचे नाही, असे त्याने घरात बजावले होते. त्यावर वाडीतले चिखलाचे पाय कसे पडू द्यायचे? त्याने वाडीवर निरोप धाडला : सोमवारपासून गाडी शेठकडे लावली आहे, दुसरी सोय बघा. दुसरी सोय नव्हती हे त्याला माहीत होते. पण कोणी ना कोणी बघेल, असे म्हणून त्याने तो विचार बाजूला सारला.

शनिवारी गाडीची पूजा ठरली. झेंडूचा हार घातला गेला, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक आले, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. नारळ फोडण्याचा मान अर्थातच गुरुजींचा. व्यापारी आला होता, शेजारीपाजारी आले होते. रस्त्याच्या पलीकडे, डोक्यावरची टोपली खाली न ठेवता, यसाबाई उभी होती. निरोप मिळाल्यावर विश्रामला एकवार विचारून पाहावे म्हणून ती डोंगर चालत उतरून आली होती. पण एवढ्या माणसांत पुढे व्हायला तिला धीर होत नव्हता.

गुरुजींनी नारळ फोडला. मग विश्रामच्या हातातला पेढ्यांचा पुडा मागून घेतला आणि रस्ता ओलांडून ते सरळ यसाबाईपाशी गेले. तिच्या हातावर पेढा ठेवून मोठ्याने म्हणाले, "अभिनंदन, यसाबाई! नवी गाडी घेतलीत."

यसाबाई गांगरली. "माझी कसली गाडी वो, गुरुजी? माझ्या घरात सायकलबी न्हाई."

"आहे. ही काय समोर."

मग गुरुजी चहाच्या टपरीवाल्याकडे गेले, नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाकडे गेले, वाटेने चाललेल्या दोन शेतमजूर बायकांना त्यांनी थांबवले. प्रत्येकाला पेढा, प्रत्येकाला तेच शब्द. टपरीवाला हसत म्हणाला, "असं असेल तर चावी द्या की, एक चक्कर मारून येतो." व्यापारी शेजाऱ्याच्या कानाशी पुटपुटला, "वय झालं बिचाऱ्यांचं." पुड्यातला शेवटचा पेढा गुरुजींनी विश्रामच्या हातावर ठेवला. "तुझंही अभिनंदन, बाळ. घेणाऱ्यांत तूही आहेस."

लोक हसले. विश्रामचा चेहरा उतरला. यसाबाई काही न विचारताच डोंगराच्या वाटेला लागली.

दुपारी विश्राम ओसरीवर आला. बसला नाही, खांबाला टेकून उभा राहिला.

"गुरुजी, चारचौघांत माझी थट्टा का केलीत? मी काही लबाडीने गाडी आणलेली नाही. कागद सगळे खरे आहेत. सवलत सरकारनं दिली, ती मी घेतली. आणि धूर बंद झाला, तो फायदा वाडीलाही आहेच ना?"

"आहे," गुरुजी म्हणाले. "तू लबाडी केली नाहीस, म्हणून तर बोलावंसं वाटलं. बैस आधी."

विश्राम बसला.

"मला एक सांग. सवलत मिळाली म्हणजे काय झालं?"

"गाडी स्वस्त पडली."

"कारखान्यानं तुझ्या गाडीत लोखंड कमी घातलं का? बॅटरी लहान बसवली? कामगारांनी फुकट काम केलं?"

"नाही."

"म्हणजे गाडीची किंमत होती तेवढीच राहिली. तू थोडी कमी भरलीस. मग उरलेली कोणी भरली?"

"सरकारनं."

गुरुजी किंचित हसले. "सरकार कुठं टोपल्या विणतं, विश्राम? सरकारच्या तिजोरीत लोकांनी टाकलेलंच असतं. यसाबाई साबणाची वडी घेते, काडेपेटी घेते, त्या प्रत्येक वेळी तिच्या नकळत थोडंसं तिकडं जातं. ती जन्मात कधी गाडी घेणार नाही. पण तुझ्या गाडीसाठी तिनं आपला वाटा भरलेला आहे. टपरीवाल्यानं भरलाय, त्या मजूर बायांनी भरलाय. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी तुझ्याकडे मागितलंही नाही. मी फक्त पेढा द्यायला गेलो. ज्यांनी घेतली त्यांना अभिनंदन म्हणायला नको?"

विश्राम म्हणाला, "म्हणजे शेठना नाही म्हणू? माझंही पोट आहे, गुरुजी."

"शेठना ने. पैसे घे. गाडी माझी म्हण, दारात लाव, रोज पूस. फक्त ती एकट्याची आहे असं समजू नकोस. एकदा तसं वाटलं की माणसाला सीटवरचं प्लॅस्टिक काढवत नाही."

विश्राम उठला. जाताना त्याने रोजच्यासारखा नमस्कार केला.

सोमवारी सकाळी गाडी डोंगर चढू लागली. विश्राम वाडीखालच्या वळणावर नेहमीच्या जागी थांबला. कोणी आले नाही. त्याने हॉर्न वाजवण्यासाठी हात उचलला आणि परत खाली घेतला. निरोप त्यानेच धाडला होता. आता हॉर्न वाजवून कोणत्या तोंडाने बोलवायचे? बहुधा यसाबाई रागावली असेल. किंवा हैबतीला घेऊन पहाटेच चालत निघाली असेल. पण हैबतीला तर रस्त्यापर्यंत यायलाही आधार लागे.

इतक्यात व्यापाऱ्याचा फोन आला. "कुठं आहेस?"

"वाडीवर आलोय, शेठ. खाली उतरलो की तुम्हाला घेतो. जागा आहे भरपूर."

"आणि टोपल्या?"

"टोपल्याही असतील."

"मग माझी एस.टी. बरी," व्यापारी म्हणाला आणि फोन बंद झाला.

फोन बंद झाल्यावर सगळीकडे इतके शांत झाले की विश्रामला वाडीतला कोंबडा ऐकू आला, कोणाची तरी कोयती बांबूवर पडत होती तीही ऐकू आली. तेव्हा त्याच्या ध्यानात आले. ही माणसे आजवर टमटमच्या आवाजावर उठत होती. या गाडीला आवाजच नव्हता. आपण येऊन उभे आहोत, हे वाडीला कळायचे कसे?

आतापर्यंत तो इथे कधी गाडीतून उतरला नव्हता. लोकच खाली येत. आज तो उतरला, पायवाटेने वर चढला आणि यसाबाईच्या दारात जाऊन म्हणाला, "चला, यसाबाई. उशीर व्हायला नको."

हैबती भिंतीला टेकून बसला होता. त्याचे पाय सुजलेले होते. यसाबाईने दोन क्षण विश्रामकडे पाहिले. "शेठचं काय?"

"शेठ एस.टी.नं गेले."

"तुला तोटा झाला म्हन की."

"झाला थोडा."

यसाबाईने टोपल्यांची चळत डोक्यावर घेतली आणि दोघांनी हैबतीला धरून खाली आणले. टोपल्या उतरवून यसाबाईने गाडीत वाकून पाहिले. प्लॅस्टिक नव्हते. ती बिचकली आणि डोक्यावरची चुंबळ सोडून सीटवर पसरू लागली.

"राहू द्या ते," विश्राम म्हणाला. "बसा तशाच."

हैबती खिडकीशी बसला, त्याच्याशेजारी यसाबाई, आणि मागच्या सीटवर टोपल्या. गाडी निघाली. ती निघाल्याचे हैबतीला झाडे मागे सरकताना पाहून कळले. तो बऱ्याच दिवसांनी हसला. "आवाजच न्हाई की गं हिला."

यसाबाईने एकदा सीटवरून हात फिरवला. पुढचे वळण आले, तशी ती दोन्ही हातांनी समोरची सीट धरून एकदम म्हणाली,

"जरा हळू घे रं, विश्राम. नवी गाडी हाय आमची."

विश्रामने गाडी हळू घेतली.