मी बसले की बंद पडते

एकदा सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एक तरुण गृहस्थ आपली जुनी मोटरसायकल ढकलत एका गॅरेजच्या दारात आला. मागून त्याची बायको चालत होती आणि तिच्या कडेवर चार वर्षांची मुलगी होती. मुलीच्या कानाला ऐकायचे मशीन होते. मुलगी सोडून दोघेही घामाघूम झाले होते.

हे गॅरेज एका वृद्ध वस्तादाचे. वस्ताद आता सहसा पाना हातात घेत नसे. दाराजवळच्या बाकावर बसून तो शिष्याचे काम पाहत असे. शिष्य मेहनती होता, त्याचा हात साफ होता आणि बुद्धीही चलाख होती. फक्त त्याला उत्तर फार लवकर सुचत असे. त्यामुळे समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

"परत फ्यूज गेला का दादा?" शिष्याने लांबूनच विचारले.

"परत गेला. या वेळी थेट पुलावर. मागून ट्रक येत होता. त्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून आम्ही तुझ्यासमोर उभे आहोत."

आता फ्यूज म्हणजे काय, तर काचेच्या लहानशा नळीतली एक बारीक तार. गाडीत कुठे वीज भलतीकडे वाहू लागली, की ही तार आधी स्वतः जळते आणि बाकीच्या गाडीला वाचवते. या गाडीच्या इंजिनाची ठिणगीसुद्धा त्याच फ्यूजमधून येणाऱ्या विजेवर होती. म्हणून फ्यूज गेला, की चालती गाडी आहे तिथे बंद.

या जोडप्याला आठवड्यातून दोन दिवस मुलीला शहरातल्या एका शाळेत न्यावे लागे. कानाला मशीन लावलेल्या मुलांना तिथे बोलायला शिकवत. एसटी पोचेपर्यंत वर्ग सुटायची वेळ होत असे, त्यामुळे मोटरसायकलशिवाय मार्ग नव्हता. शाळेतल्या बाईंनी सांगून ठेवले होते, की बोलायला शिकायचे हेच वय आहे, खंड पडू देऊ नका.

"आज मी शेवटचं सांगते," बायको म्हणाली. "पोरीला घेऊन मी या गाडीवर पुन्हा बसणार नाही."

"मग शाळा?" नवऱ्याने विचारले.

 शाळा बंद करू, असे तिच्या तोंडून निघेना, आणि गाडीवर बसते असेही निघेना. ज्यांच्या कडेवर मूल आहे त्यांना तिची अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

मग जरा धीर करून ती शिष्याला म्हणाली, "भाऊ, एक सांगू का? मी बसले की बंद पडते ही. हे एकटे कामाला जातात, तेव्हा एकदाही नाही पडली."

शिष्य हसला. "वहिनी, गाडीला काय कळतंय, मागे कोण बसलंय ते?"

"आमची आई पण हेच म्हणते," नवराही हसत म्हणाला. "सून बसली की गाडी रुसते म्हणे."

शेजारचा चहावाला दुधाच्या पातेल्यावरून डोकावून हसला. बायकोने मान खाली घातली आणि मुलीचा फ्रॉक उगाच नीट करू लागली. वस्ताद मात्र हसला नाही. तिच्याकडे पाहत नुसता बसून राहिला.

शिष्याने कामाला सुरुवात केली. हेडलाइट उघडून आतले जोड पाहिले, हॉर्नचे बटण खोलून पुसले, ब्रेकचा स्विच पाहिला. मीटरच्या सुया प्रत्येक तारेला लावल्या. सगळे ठीक. नवा फ्यूज घालून तो एकटाच पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आला. गाडी सुतासारखी सरळ चालली. याआधीही ही गाडी आली होती तेव्हा त्याने हेच केले होते, आणि तेव्हाही सगळे ठीकच निघाले होते.

"दोष असता तर दिसला असता ना दादा," तो जरा चिडून म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक करू. फ्यूजच्या जागी तांब्याची तारच पिळून टाकतो. जळायचा प्रश्नच मिटला."

"टाक बाबा," नवरा म्हणाला. "कसं का होईना, गाडी थांबली नाही म्हणजे झालं."

"थांब," वस्ताद बाकावरून म्हणाला. "फ्यूज जळला तर गाडी थांबते. तिथे तांब्याची तार असली तर पेट्रोलच्या टाकीखालची वायरिंग पेटते. आणि त्या टाकीमागे बसतं कोण?"

शिष्याने हातातली तार खाली ठेवली.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठला. आतून त्याने हेडलाइटचा एक जुना बल्ब आणला. बल्बला दोन वायरी जोडलेल्या होत्या. गाडीचा चांगला, नवा फ्यूज त्याने काढून खिशात टाकला आणि त्या जागी बल्बच्या वायरींची टोके खोचली. बल्ब हँडलवर अडकवून ठेवला आणि किल्ली फिरवली. बल्ब जेमतेम मिणमिणला.

आता म्हातारा एकेक तार तपासणार, असे शिष्याला वाटले. पण वस्तादाने एकाही तारेला हात लावला नाही. तो त्या बाईला म्हणाला, "ताई, बसा गाडीवर."

"गाडी चालू न करताच?"

"हो. दादा, तुम्हीही पुढे बसा. शाळेला निघाल्यासारखे."

गाडी स्टँडवर उभी, इंजिन बंद, आणि नवरा-बायको तिच्यावर चढून बसलेले. चहावाल्याला राहवले नाही. "वस्ताद, फोटो काढताय का? मी पण येतो, मागे जागा आहे!"

"तू दूध बघ. उतू चाललंय."

बल्ब होता तसाच मिणमिणत राहिला. शिष्य ओठात हसला. त्या बाईचा चेहरा पडला. "मी उगाचच बोलले," असे म्हणत ती उतरू लागली.

"उतरू नका," वस्ताद म्हणाला. "रोज अशाच बसता का?"

खरे तर ती लाजून सीटच्या मधोमध, अंग चोरून टेकली होती आणि मुलगी खाली उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "रोज पोरगी मांडीवर असते. मी पार मागे सरकून बसते, म्हणजे हिला ह्यांच्या पाठीआड धरता येतं. वाऱ्याने मशीनमध्ये घूं घूं होतं, मग ही रडते."

"मग तशाच बसा. पिशवी असते का?"

"असते की. डबा, पाणी, हिचे कपडे."

"तीही घ्या."

ती मागे सरकली. मुलीला मांडीवर घेतले, पिशवी खांद्याला अडकवली आणि रोजच्यासारखी सैल होऊन बसली. त्याच क्षणी हँडलवरचा बल्ब भक्कन पेटला. डोळ्यांवर येईल इतका उजेड.

मुलीने बोट पुढे केले. "दि...वा," ती म्हणाली.

नवऱ्याने वळून पाहिले. "बोलली?"

"बोलली!" बायकोचे गाडीवरचे लक्षच उडाले होते. "चित्रातला आहे हो शब्द. बाई दर वेळी दाखवतात. घरी एकदाही म्हणाली नव्हती." तिने मुलीला असे घट्ट धरले, की मुलगी सुटायला धडपडू लागली.

वस्तादाने त्यांना तेवढा वेळ दिला. मग म्हणाला, "ताई, जरा उठून उभ्या राहा." बल्ब मिणमिणता झाला. "बसा." पुन्हा लखलखीत.

शिष्याच्या ओठांवरचे हसू केव्हाच गेले होते. त्याला काही सांगावे लागले नाही. तिघे उतरताच त्याने दोन बोल्ट काढून सीट उचलली. खाली वायरींचा जुडगा होता आणि त्यावर सीटच्या लोखंडी पत्र्याची कड टेकत होती. एका वायरीचे आवरण तिथे घासून गेले होते. आतले तांबे चकचकत होते; मागे भार आला, की पत्रा त्याला टेकून वीज भलतीकडे वळत होती. ज्या रबरी गुट्ट्यांवर सीट उचललेली राहते, त्यातल्या मागच्या दोन्ही गुट्ट्या नव्हत्या.

नवरा ते पाहत राहिला. "सीट मीच नवीन करून घेतली," तो हळूच म्हणाला. "हिला आणि पोरीला मऊ लागावी म्हणून."

"मऊ झालीच आहे की," वस्ताद म्हणाला. "खालची रबरं परत लावायची तेवढी राहिली. एवढंच."

शिष्य वायरीवर टेप गुंडाळत होता. थोड्या वेळाने मान वर न करता तो म्हणाला, "वस्ताद, मी एकही तार सोडली नव्हती. मग मला का नाही सापडलं?"

वस्ताद म्हणाला, "तू तारा तपासल्यास त्या रिकाम्या गाडीच्या. रिकाम्या गाडीत दोष नव्हताच, मग सापडणार कुठून? दोष भार आल्यावर जागा होत होता. आणि भार कोणाचा, हे या ताईंनी तुला सकाळीच सांगितलं होतं. त्यांना वायरिंग कळत नाही, म्हणून त्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. त्याचं कारण शोधणं हे तुझं काम होतं. तू त्यांच्या बोलण्याला हसलास. आता फ्यूजचं बघ. तो एकदाच ओरडतो आणि मरतो. तिथे बल्ब लावला की वीज भलतीकडे जाताच तो लख्ख पेटून ओरडत राहतो, आपल्याला ऐकायला सवड मिळते. तू तार लावणार होतास. म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणार होतास."

 जुन्या ट्यूबचे जाड रबर कापून शिष्याने दोन गुट्ट्या बनवल्या, बसवल्या, सीट घट्ट केली. बल्ब पुन्हा जोडून तो त्या बाईला म्हणाला, "वहिनी, जरा रोजच्यासारख्या बसता का?" ती बसली. बल्ब मिणमिणताच राहिला. तिने मुद्दाम दोनदा सीटवर आदळून पाहिले. तरी मिणमिणताच. मग वस्तादाने खिशातला फ्यूज काढून शिष्याच्या हातावर ठेवला.

"आता पुलापर्यंत जाऊन या," शिष्य म्हणाला. "मी दुसऱ्या गाडीवर मागून येतो. ट्रक आला तर मी मध्ये असेन."

"पुलापर्यंत कशाला?" ती म्हणाली. "अर्धा वर्ग तरी मिळेल. शाळेतच जातो." आणि स्वतःहून पदर खोचून, मुलीला सावरून मागे सरकून बसली.

शिष्य पूल ओलांडून शहराच्या वेशीपर्यंत त्यांच्यामागे गेला. वाटेत गतिरोधक आले, खड्डे आले, गाडी थांबली नाही. परत येऊन तो हात धूत होता, तेवढ्यात एक आजोबा स्कूटर घेऊन आले. म्हणाले, "हसू नकोस बाबा, पण हिचा दिवा फक्त बाजाराच्या दिवशी विझतो."

चहावाला हसला. शिष्याने हात पुसले, स्टूल ओढून आजोबांसमोर बसला आणि म्हणाला, "बाजाराच्या दिवशी गाडीवर काय काय असतं, ते सांगा आजोबा. सगळं सांगा."

बाकावरच्या वस्तादाने डोळे मिटून घेतले. त्याला आता तिकडे पाहायची गरज उरली नव्हती.

घरातही असेच असते. कोणी सून, कोणी म्हातारे, कोणी लेकरू सांगते, की मी असले की असे होते. सांगणे वेडेवाकडे असते, पण त्याने पाहिलेले असते. तेव्हा आधी ऐकावे, तो रोज जिथे बसतो तिथे त्याला बसवून पाहावे.

आणि वाचणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. ज्यांनी जुन्या गाडीची सीट नवी करून घेतली आहे, त्यांनी खालची रबरे जागेवर आहेत का ते एकदा पाहावे. फ्यूजच्या जागी तार कोणालाही लावू देऊ नये. तुमच्या ओळखीत कोणी बायको-लेकराला मागे बसवून गाडी चालवत असेल, तर त्याला हे आजच सांगा, आणि पुढच्याला सांगायला सांगा.