दोन सारखी आणि एक वेगळं

एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा माणूस होता. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. घरच्यांना भीती होती ती त्याचीच.

घरात बायको वैजंता, मोठी मुलगी तनू आणि दोन तान्ही जुळी. जुळी इतकी सारखी, की ओळखू यावीत म्हणून वैजंतानं थोरल्याच्या पायात काळा दोरा बांधला होता.

त्या साली गावात चिप्सच्या पुड्यातून कार्डं निघायची. कार्डावर एक प्राणी. कार्ड फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं, की तो प्राणी फोनमधल्या खेळातल्या जंगलात यायचा. पोरं कार्ड घ्यायची आणि चिप्स कोंबड्यांना टाकायची. कोंबड्या अंगानं भरल्या. रिकामा पुडा बघून आया म्हणायच्या, आज पोरानं पोटभर खाल्लं.

तनूनं बापाला शिकवलं, "बाबा, आतलं ओतून द्यायचं. कार्ड तेवढं घरी आणायचं."

दुसऱ्या दिवशी जुळी शिंकायला लागली. वैजंतानं नवऱ्याला औषधाला पाठवलं. निवृत्तीनं बाटली गटारीत ओतली आणि खोक्यातला घडीचा कागद घेऊन आला.

"औषध कुठंय?"

"ओतून दिलं. हा कागद फोनसमोर धर, सर्दी जाईल."

"अहो, आतलं तेच तर कामाचं. ते जपून घरी आणायचं असतं."

"असं होय. बरं."

मग पिंजऱ्यात उंदीर सापडला. वैजंता म्हणाली, "ओढ्यापलीकडं टाकून या." निवृत्तीनं पिंजरा ओढ्यापलीकडं टाकला आणि उंदीर टोपीत घालून घरी आणला.

"आतलं जपून आणलंय," म्हणाला आणि टोपी चुलीपाशी उलटी केली. उंदरामागं पळताना वैजंताचा पाय मुरगळला.

इकडं तनूकडं हत्तीची दोन कार्डं झाली. "दोन सारखी ठेवून काय करायचं, बाबा? एक द्यायचं आणि आपल्याकडं नाही ते आणायचं."

संध्याकाळी निवृत्ती देवळातून आला. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात कुणा बाईची लाल सँडल.

"माझ्या दोन्ही सारख्याच होत्या," तो म्हणाला.

"अहो, पायातलं बदलायचं नसतं," वैजंता म्हणाली.

"असं होय. बरं."

अंगणवाडीत जुळ्यांना डोस द्यायचा दिवस आला. वैजंताला पाय टेकवेना. डोस चुकवायचा तरी कसा? तिनं दोघांना टोपडी घातली, दुपट्यात गुंडाळलं आणि नवऱ्याला बजावलं, "दोन नेताय. दोन परत आणायची. कळलं?"

"दोन आणतो."

तो दिसेनासा झाला तशी ती उंबऱ्यावर येऊन बसली. चहा गार झाला, तरी तिनं घोट घेतला नाही. शेवटी निवृत्ती वळणावर दिसला. एका हातावर एक, दुसऱ्या हातावर एक. दोन. तिचा जीव भांड्यात पडला.

तिनं पहिलं टोपडं सारलं. जुळ्यातला एक झोपला होता. दुसरं सारलं. आत जावळ वाढलेली, कानात डूल असलेली एक मुलगी तिच्याकडं बघून हसली.

"अहो, ही कुणाची?"

"ठाऊक नाही. सतरंजीवर झोपली होती. आपली दोन्ही सारखीच, म्हणून एक तिथं ठेवला. ही आपल्याकडं नव्हती."

तेवढ्यात वरच्या आळीची सिंधू रडत, ओरडत धावत आली. तिच्या काखेत जुळ्यातला दुसरा होता. वैजंतानं त्याला ओढूनच घेतलं आणि आधी त्याचा पाय चाचपला. पायात दोरा नव्हता.

"दोरा कुठंय?"

निवृत्तीनं खिशातून काळा दोरा काढून तिच्या हातावर ठेवला.

"पायातलं बदलायचं नसतं म्हणालीस ना? म्हणून तेवढं पायातून सोडवून घरी आणलं."