धुमाळे सरांचा कोट

जामखेडला धुमाळे सर नावाचे डाएटवाले आले. जाडा असो, बारीक असो, शुगरवाला असो, सगळ्यांना तक्ता एकच: दुपारपर्यंत नुसतं पाणी, मग त्यांची पावडर. गुणाजी शिंप्याला शुगर. सकाळी गोळी घेऊन तो उपाशी बसला, अन् दरदरून घाम फुटून मशीनवरच आडवा झाला. बायकोनं साखर चारली तेव्हा कुठं उठला.

सर म्हणाले, "हजारोंना चाललंय, तुम्हालाच कसं चालत नाही?" वर दुसऱ्या दिवशीच्या सभेसाठी कोट शिवायला टाकला.

"माप घ्या की!"

"कशाला? आहे माझ्याकडं एक," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभेची माणसं दुकानाच्या दारात, अन् सरांचे हात कोटात कोपरापाशीच अडकलेले.

"अहो, हे माप कुणाचं?"

"बारक्या गणपाचं. त्याला झकास बसलंय."

"मला कसं बसेल? माझं अंग बघायला नको?"

"सर, कापड कापायच्या आधी अंग बघायचं, मग माणसाची भाकर कापायच्या आधी त्याची शुगर नको व्हय बघायला?"

दारातली माणसं खो खो हसली. गुणाजीनं आपला तक्ता त्याच कोटाच्या खिशात कोंबला अन् आत बायकोला हाक दिली, "वाढ गं!"